जेंटामायसिन, सोन्याची तार आणि गडचिरोली



स्मृतिव्याख्यानात आधी कृतज्ञता आणि मग विषय, अशी रीत आहे. ती मी एका वाक्यात पाळतो. विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या एका शिक्षकाच्या नावाने तुम्ही ही व्याख्यानमाला चालवता, तेव्हा सोपे करून सांगण्याच्या नादात चुकीचे सांगायचे नाही, एवढे पथ्य आज सांभाळणार आहे.

विषय बायोसेन्सरचा आहे. शरीरातल्या एखाद्या रेणूचे प्रमाण, रक्त काढून प्रयोगशाळेत न पाठवता, मिनिटामिनिटाला सांगत राहणारी उपकरणे आणि ती ज्यावर बसवतात त्या छोट्या चिप. पण सुरुवात मी मण्यांपासून करणार आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत बालमृत्यूंचा मागोवा घेतला, तेव्हा न्यूमोनिया हे त्यातले मोठे कारण निघाले. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त झाले, की धोका समजायचा. नियम सोपा, पण तो वापरायचा कोणी? गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल, तर काय? त्यावर बंग दांपत्याने श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. आणि न्यूमोनिया ठरला की औषध त्याच घरी, त्याच बाईच्या हातून. शंभराहून जास्त गावांतला तो प्रयोग १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जिथे हे उपचार पोचले, तिथे न्यूमोनियाने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते.

त्या साधनात वीज नव्हती, पडदा नव्हता, आकडासुद्धा नव्हता. तरी मी त्याला पूर्ण अर्थाने सेन्सर म्हणतो. एक, ते काहीतरी मोजत होते. दोन, कुठे थांबायचे ते त्यातच ठरलेले होते. आणि तीन, त्याच्या शेजारी औषधाची बाटली होती. आमच्या क्षेत्रात पहिल्या गोष्टीवर ढिगाने शोधनिबंध निघतात, दुसरीवर बरेच, तिसरीवर जवळजवळ नाहीत. आज मला बोलायचे आहे ते या तिसऱ्या गोष्टीच्या बाजूने. पण पहिली समजल्याशिवाय तिसरीवर बोलणे म्हणजे नुसता उपदेश होईल, म्हणून आधी यंत्र समजून घेऊ.

अतिदक्षता विभागात गेलात तर रुग्णाच्या उशाशी पडद्यावर रेषा धावताना दिसतात. नाडी, श्वास, रक्तदाब, सारे क्षणाक्षणाला. पण त्याच रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम किती, क्रिएटिनिन किती, दिलेल्या औषधाचे प्रमाण किती, हे विचारलेत तर उत्तर येते: सकाळी रक्त पाठवले आहे, रिपोर्ट यायचा आहे. ही शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची गोष्ट. गडचिरोलीतल्या भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तेही अंतर मोजण्यात अर्थ नाही. रेणूंच्या बाबतीत वैद्यक अजून कालच्या बातमीवर चालते.

याला नाव घेण्यासारखे अपवाद दोन. पहिला तुम्हा सगळ्यांना करोनाच्या काळात माहीत झाला: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्याचे तत्त्व शोधले. ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्या फरकावरून टक्केवारी काढायची. रक्ताचा थेंबही लागत नाही. मात्र प्रकाश त्वचेतून जातो, आणि त्वचेचा रंग सगळ्यांचा सारखा नसतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन धोकादायक पातळीच्या खाली, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के मोजण्यांत आढळले आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के मोजण्यांत. त्यात सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनचे ऑक्सिजनशी असलेले नातेच बदललेले असते. ज्या माणसांवर यंत्र वापरायचे त्याच माणसांवर ते तपासून घ्यायला हवे, ही मागणी माडिया आणि गोंड वस्तीच्या जिल्ह्याने करायला हवी. मागितल्याशिवाय ते कोणी करत नाही.

दुसरा अपवाद ग्लुकोज. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराचा थर दिला. विकर ग्लुकोजवर काम करते, त्यात ऑक्सिजन खर्च होतो, तो किती घटला ते इलेक्ट्रोड सांगतो. आजच्या बायोसेन्सरची वंशावळ तिथून सुरू होते. अंगावर लावून सतत साखर मोजणाऱ्या पहिल्या उपकरणाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. आता दंडावर चिकटवायची बिल्ल्याएवढी उपकरणे शहरांतल्या औषध दुकानांत मिळतात. एक सेन्सर दहा ते चौदा दिवस चालतो आणि त्याला काही हजार रुपये पडतात. ही उपकरणे रक्तातली नव्हे तर त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतात, त्यामुळे आकडा काही मिनिटे मागे असतो.

१९६२ पासून साठ वर्षे उलटली, तरी अखंड मोजता येणारे रेणू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का? या प्रश्नाचे उत्तर मला फार आवडते, कारण ते पैशांत नाही, रसायनशास्त्रात आहे.

विकराचे वैशिष्ट्य हे की ते रेणू धरते, बदलते आणि सोडून देते, पुढच्यासाठी मोकळे. पण बहुतेक रेणूंसाठी असे सोयीचे विकर मिळत नाही. मग आपण प्रतिपिंडांकडे वळतो, इंग्रजीत ज्यांना अँटीबॉडी म्हणतात. ती नेमका रेणू ओळखून घट्ट धरतात. इतके घट्ट, की सोडत नाहीत. रेणू किती विरळ असला तरी पकडायचा असेल, तर पकड घट्ट हवी, आणि पकड घट्ट असेल तर सुटायला वेळ लागतो. साधे गणित करू. एका लिटरमध्ये एक पिकोमोल इतक्या विरळ प्रमाणाला साजेशी पकड असेल, तर नेहमीच्या जोडणीच्या वेगाने हिशेब करता धरलेला रेणू सुटायला सरासरी साडेअकरा दिवस लागतात. नॅनोमोल पातळीला साजेशी पकड असेल तर सुमारे १७ मिनिटे. मायक्रोमोल पातळीला एक सेकंद. पहिल्या प्रकारचा सेन्सर आज जे सांगतो ते मागच्या आठवड्यातले असते.

गडचिरोलीत हे रोज पाहायला मिळते. आशाताईंच्या पिशवीत मलेरियाची जी जलद चाचणी असते, ती प्रतिपिंडांच्या रेषा असलेली कागदी पट्टी आहे. रक्ताचा थेंब टाका, पंधरा-वीस मिनिटांत रेषा उमटते. एकदाच. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियासाठी ती बहुधा एचआरपी-२ हे प्रथिन शोधते, आणि ते प्रथिन परोपजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात फिरत राहते. म्हणजे बरा झालेला माणूस पुन्हा तपासला तरी रेषा येऊ शकते. पीएलडीएच हे दुसरे प्रथिन जिवंत परोपजीवीच तयार करतो, ते उपचारानंतर काही दिवसांतच उतरते. एक रेणू सांगतो 'होऊन गेला किंवा आहे', दुसरा सांगतो 'आहे'. सतत मोजायचे ठरवले तर आधी प्रश्न हा, की मोजण्यासाठी निवडलेला रेणू स्वतः वेळेवर बदलतो का? तो आळशी असेल तर चिपला कितीही सोने लावा, उपयोग नाही.

सोन्याचा उल्लेख निघाला आहे तर शीर्षकातल्या तारेकडे येतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी एकमेकींपासून स्वतंत्रपणे एक युक्ती काढली: आरएनएचे असंख्य यादृच्छिक तुकडे घ्यायचे आणि त्यांतून हव्या त्या रेणूला चिकटणारे निवडत जायचे. असे निवडलेले तुकडे म्हणजे ॲप्टॅमर. पुढे डीएनएचेही ॲप्टॅमर निघाले. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या केविन प्लॅक्सको यांच्या प्रयोगशाळेने त्यांना सोन्याच्या पृष्ठभागावर एका टोकाने बांधले आणि दुसऱ्या टोकाला मेथिलीन ब्ल्यू लावले. औषधाचा रेणू आला की डीएनएचा धागा घडी घेतो, निळा रेणू सोन्याच्या जवळ सरकतो, इलेक्ट्रॉनची देवघेव बदलते आणि विद्युतप्रवाहात ते कळते. रेणू सुटला की घडी उलगडते. काही सेकंदांत पुन्हा मोजणी. कुठलेही रसायन मिसळावे लागत नाही, काही धुवावे लागत नाही.

हे मेथिलीन ब्ल्यू तुमच्या ओळखीचे आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पॉल एर्लिक यांनी १८९१ मध्ये मलेरियाच्या रुग्णांना हेच औषध म्हणून दिले होते. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची काच रंगवायला जे जेएसबी द्रावण वापरतात, त्यातली निळाई याचीच. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४० च्या दशकात ते बसवले. गडचिरोलीतल्या लॅब टेक्निशियनच्या बोटांना लागलेला रंग आणि कॅलिफोर्नियातल्या सेन्सरचा काटा हलवणारा रेणू, दोन्ही एकच.

पण रक्त हा सेन्सरचा शत्रू आहे. प्रथिने येऊन सोन्यावर बसतात, पेशी अडतात, काही तासांत आकडा सरकू लागतो. चिपचे खरे काम इथे आहे. आंद्रेआस मान्झ यांनी १९९० मध्ये सगळे रासायनिक विश्लेषण एका लहानशा तुकड्यावर आणण्याची कल्पना मांडली, तेव्हा भर होता आकार लहान करण्यावर. नंतर लक्षात आले की लहान आकारात पाणी वागते निराळे. आपल्याकडे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, तिथे दोन्ही पाणी घुसळून एक होते. केसांइतक्या अरुंद नळीत असे घुसळणे होतच नाही. दोन प्रवाह शेजारून सरळ वाहत राहतात, एकातून दुसऱ्यात जायचे तर रेणूला स्वतः झिरपत जावे लागते. शंभर मायक्रोमीटर झिरपायला औषधाच्या लहान रेणूला दहाएक सेकंद पुरतात, अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाला दीड मिनिट लागते, आणि रक्तपेशीला कित्येक तास. म्हणून खाली रक्त, वर स्वच्छ क्षारद्रावण आणि त्याच्या वर सेन्सर अशी मांडणी केली, की औषध पोचते आणि घाण पोचायच्या आत वाहून जाते. प्लॅक्सको आणि टॉम सोह यांच्या चमूने २०१३ मध्ये अशी चिप जिवंत उंदरांच्या रक्तप्रवाहाला जोडून दोन औषधांची पातळी काही तास सलग मोजली. त्यांतले एक कर्करोगावरचे डॉक्सोरुबिसिन, दुसरे कॅनामायसिन. २०१७ पर्यंत बारीक सोन्याची तार थेट शिरेत ठेवून जागेपणी हिंडणाऱ्या उंदरांत मोजणी झाली, आणि या वेळच्या औषधांत जेंटामायसिनही होते.

जेंटामायसिन म्हटले की गडचिरोली आठवलीच पाहिजे.

१९९० च्या दशकात 'सर्च'ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तुलनेला दुसरी ४७ गावे होती. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे ओळखायची आणि आईवडिलांनी रुग्णालयात न्यायला नकार दिला तर घरीच उपचार करायचे, म्हणजे तोंडाने को-ट्रायमॉक्झॅझोल आणि इंजेक्शनने जेंटामायसिन. त्या काळी यावर केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा. दहावीही न झालेली बाई चार दिवसांच्या बाळाला इंजेक्शन देणार! १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'ने निकाल छापला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांमागे आधी सोळा-सतरा दगावत, आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर तिनाच्या आत. २०११ मध्ये आशांमार्फत घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आला, त्याची मुळे या प्रयोगात आहेत.

आता दोन्ही टोके शेजारी ठेवू. जेंटामायसिन हे जीव वाचवणारे पण अरुंद वाटेवरचे औषध आहे. कमी पडले तर जंतू मरत नाहीत, साचत गेले तर मूत्रपिंड आणि कान धोक्यात. नवजात बाळाचे मूत्रपिंड अजून तयार होत असते, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे तर फारच कच्चे, म्हणून एकाच वजनाच्या दोन बाळांत तेच औषध वेगवेगळ्या वेगाने उतरते. मोठ्या रुग्णालयांत यासाठी रक्तातली पातळी तपासतात. गडचिरोलीच्या झोपडीत हे शक्य नव्हते, म्हणून वजनावर ठरवलेला सोपा डोस दिला गेला, आणि त्याने बाळे वाचली. सेन्सर नव्हता तरी वाचली, हे आमच्यासारख्या सेन्सरवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे. पण ज्या औषधाला मोजण्याची इतकी गरज, ज्या औषधाची मोजणी प्रयोगशाळेत जिवंत उंदरांपर्यंत गेलेली आणि जे औषध या जंगलात सुईच्या टोकावर आधीच पोचलेले, ते एकच आहे. इतका सरळ जोड विज्ञानात फारसा लाभत नाही. तरीही त्या उंदराच्या शिरेपासून धानोरा किंवा एटापल्लीच्या खाटेपर्यंतचा रस्ता कोणी आखलेला मला दिसत नाही. रुग्णालयात रोज वापरता येईल असे जेंटामायसिनचे अखंड मापक आज बाजारात नाही. ते तयार होईल तेव्हा ज्या देशांत ते विकले जाईल, तिथे या औषधाची जागा दुसऱ्या औषधांनी बरीचशी घेतलेली असेल, अशी मला भीती वाटते.

पण मी सगळीकडे चिप लावा म्हणणारा माणूस नाही. काही प्रश्नांना अखंड मोजणी लागतच नाही, आणि तिथे ती मागणे म्हणजे पैशांची उधळण. सिकलसेलचेच घ्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या आजारात हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो आणि विद्युतक्षेत्रात तो वेगळ्या चालीने सरकतो. 'रेणूचा आजार' ही कल्पना वैद्यकात आली ती इथून. कोणाला सिकलसेल आहे, कोण वाहक आहे, याचे उत्तर आयुष्यात बदलत नाही. एकदा नीट तपासले, कार्ड हातात दिले, पुरे. पॉलिंग यांचीच पद्धत आता कागदी चिपवर आली आहे, काही मिनिटांत निकाल देते, आणि चंद्रपूरला अशा आजारांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्रही आहे. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेला हवी आहे ती हीच एकदाची चाचणी, आणि तिच्यामागे हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित मिळण्याची हमी. विहिरीतल्या फ्लोराइडचेही तसेच. ते तासागणिक बदलत नाही, ऋतूला एकदा तपासा आणि दुसरे पाणी द्या.

याउलट कारखान्याचे सांडपाणी. चंद्रपूरकरांना यावर सांगायची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात या गावाला ८३.८८ गुण होते, आणि असे गुण मिळवून कोणी पेढे वाटत नाही. पाण्यातली सेंद्रिय घाण मोजण्याच्या बीओडी चाचणीला आपल्याकडच्या मानकानुसार २७ अंशांवर तीन दिवस लागतात. तीन दिवसांत नदी कुठल्या कुठे गेलेली असते. २०१४ मध्ये मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना अखंड मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले, ते योग्यच होते. फक्त हे लक्षात ठेवा की त्यांतली बरीच यंत्रे घाण प्रत्यक्ष मोजत नाहीत, अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज प्रयोगशाळेतल्या निकालाशी वेळोवेळी पडताळावा लागतो. जपानचे इसाओ कारुबे यांनी १९७७ मध्येच जिवंत सूक्ष्मजीव इलेक्ट्रोडवर बसवून मिनिटांत बीओडी सांगणारा सेन्सर केला होता. म्हणजे ज्ञान उशिरा आले असे म्हणायला जागा नाही. आकडा सर्व्हरवर पोचतो, पण झडप बंद करण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत तो रात्री दोन वाजता पोचतो का, हे विचारण्याचा हक्क नदीकाठच्या माणसाला आहे.

प्रथिने सतत मोजण्याची अडचण मघाशी सांगितली, तिच्यावरही आता वाटा निघत आहेत. २०२४ च्या अखेरीस 'सायन्स'मध्ये शाना केली यांच्या गटाने विद्युतक्षेत्र झुलवून चिकटलेले प्रथिन मिनिटभरात झटकून टाकणारा आणि पुन्हा मोजायला लागणारा सेन्सर उंदरांत दाखवला. साडेअकरा दिवसांची अडचण त्याने ओलांडली असेल, तर बाळातला जंतुसंसर्ग लक्षणांआधी ओळखण्याचे दार किलकिले झाले आहे.

मात्र हे सारे प्रयोग वातानुकूलित खोल्यांत होतात. चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ अंशांवर जातो. मलेरियाच्या बऱ्याच किटवर ४० अंशांचीच मर्यादा छापलेली असते. उष्णतेने विकर मरते, प्रतिपिंड सैल पडते. डीएनएचा धागा त्या मानाने टणक आहे, आणि ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. वीज जाते, मोबाइलला रेंज नसते, बाळाच्या अंगावर दोन आठवडे टिकणारा चिकटपट्टा जुलैतल्या दमटपणात दोन दिवसांत सुटतो. हे दोष प्रयोगशाळेत दिसत नाहीत, कारण ते तिथे नाहीतच.

म्हणून नागपूर, मुंबई, पुण्याच्या ज्या संस्था बायोसेन्सरवर काम करतात त्यांना माझी विनंती आहे. उपकरण तयार झाल्यावर शेवटची चाचणी म्हणून इथे आणू नका. पहिली चाचणी इथे करा: मे महिन्यात चंद्रपूरला, जुलैत भामरागडला, आणि ती आशाताईंच्या हातून. सुरुवात जेंटामायसिनपासून करा. आणि गोंडवाना विद्यापीठात, चंद्रपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना सांगतो: पुढच्या वेळी कोणी नवीन सेन्सर घेऊन तुमच्या गावात आला, तर तो किती अचूक आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, आकडा वर गेला की औषध कोण देणार, आणि ते त्याच्या पिशवीत आज आहे का.